मोरी तुंबली की दवाखाना दूर जातो

आषाढातली ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हा मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. चार किलोमीटरवरच्या वाडीतून निरोप आला, पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या आहेत. रुग्णवाहिका लगेच निघाली, पण ओढ्यावरच्या मोरीपाशी अडली. मोरीचे दोन्ही सिमेंटचे नळ पालापाचोळ्याने आणि ओंडक्यांनी तुंबले होते. पाणी रस्त्यावरून वाहत होते. ते ओसरायला पहाट झाली. बाई वाचली, बाळ वाचले नाही. मृत्यूच्या कागदावर मोरीचा उल्लेख कुठेच आला नाही.

मोरी एका रात्रीत ढासळत नाही. नळ अरुंद असला किंवा तुंबला की वरच्या अंगाला पाणी साचते. ते नळाच्या कडेने वाट काढते आणि भरावाची माती थोडी थोडी वाहून नेते. खालच्या अंगाला पडणारे पाणी पाया उकरते. वरचे डांबर शाबूत दिसते, पण आत पोकळी झालेली असते. म्हणून मोरीवर पाणी असताना गाडी घालू नये. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणीही माणसाला पाडू शकते.

गावकऱ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) मृग लागण्यापूर्वी मोरी साफ करावी. कड खचली असेल, भेग पडली असेल तर ग्रामपंचायतीमार्फत लेखी कळवून पोच घ्यावी.

२) दिवस भरत आलेल्या बाईला तारखेच्या आठ-दहा दिवस आधी ओढ्याच्या अलीकडे, नातलगांकडे आणून ठेवावे. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांत यासाठी ‘माहेरघर’ असते.

३) रक्तदाब, मधुमेह, क्षयरोगाच्या रुग्णांनी पंधरा दिवसांची औषधे जादा मागून ठेवावीत.

४) जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे.

५) सर्पदंशात कापू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालवू नये, खाटेवरून न्यावे.

६) १०८ ला फोन करताना मोरीवर पाणी आहे हे आधी सांगावे, म्हणजे गाडी दुसऱ्या वाटेने येऊ शकेल.

येत्या ग्रामसभेत औषधांच्या बरोबरीने मोरीचाही विषय काढा. तीही आरोग्याचीच बाब आहे.