जुना संगणक हळू का चालतो? तो जलद कसा करावा?

संगणक हे फार उपयोगी यंत्र आहे. पण जुना झाला की तो हळू चालतो. मग लोक म्हणतात, हा गेला, आता भंगारात घाला. हे नेहमीच खरे नसते. आमच्या घरच्या संगणकावरून मला जे समजले ते मी खाली लिहिले आहे.

आमचा संगणक मुंबईच्या काकांचा आहे. ते गणपतीला गावी येताना घेऊन आले. बटण दाबल्यावर तो सुरू व्हायला ७ मिनिटे लागायची. आजी म्हणायची, "ह्यो माझ्यासारखोच म्हातारो झालो. बसलो की उठाक येळ लागता." आम्ही हसायचो. पण माझी ताई बारावीला आहे. तिच्या एका अर्जाची शेवटची तारीख होती आणि पान उघडेचना. बाबांनी तिला रात्री गाडीवरून मालवणला नेले तेव्हा अर्ज गेला. एका दुकानदाराने सांगितले की हा टाकून द्या, नवीन घ्या. त्या साली मासळी बेताचीच होती. नवीन घेणे शक्य नव्हते. म्हणून कुडाळच्या मामाला बोलावले. त्याला हे काम येते.

हळू का होतो?

मामाने मला स्वयंपाकघराचे उदाहरण दिले. आई जेवण करताना तांदूळ, कोकम, मसाला हाताशी ओट्यावर घेते. बाकीचे सामान माळ्यावर असते. संगणकात रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा लहान असला तर आईला सारखे माळ्यावर चढावे-उतरावे लागेल. मग जेवण उशिरा होणारच! संगणकाचेही तसेच होते.

संगणक तोच असतो, पण त्याच्यावर टाकलेले प्रोग्राम दर वर्षी मोठे होत जातात. हा तक्ता पाहा. चालण्यासाठी कमीत कमी रॅम किती लागते ते यात आहे.

विंडोज एक्सपी (२००१) : ६४ एमबी
विंडोज ७ (२००९) : १ जीबी
विंडोज ११ (२०२१) : ४ जीबी

१ जीबी म्हणजे १०२४ एमबी. म्हणून ४ जीबी म्हणजे ४०९६ एमबी. मी भागाकार केला. ४०९६ ÷ ६४ = ६४. म्हणजे वीस वर्षांत ओटा ६४ पट मोठा लागू लागला! आमच्या संगणकात विंडोज १० होते आणि रॅम फक्त २ जीबी. बिचारा किती पळणार?

आधी तपासावे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता भाग किती कामात आहे ते तिथे टक्क्यांत दिसते. आमच्याकडे प्रोसेसर निवांत होता, पण मेमरी ९० च्या वर आणि डिस्क १०० टक्के. म्हणजे दोष कुठे आहे ते कळले. न तपासता पैसे खर्च करू नयेत.

पैसे न लागणारे उपाय

१. सर्वांत आधी फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. आमच्या संगणकात आजोबांचे रापण ओढतानाचे फोटो आहेत. आजोबा आता नाहीत आणि ते फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. मामाने ते उतरवले आणि दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवले, तेव्हाच आईने पुढचे काम करू दिले.

२. संगणक सुरू होताना पुष्कळ प्रोग्राम न बोलावता आपोआप सुरू होतात. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप असा भाग आहे. तिथे नको ते बंद करावेत. आमच्याकडे असे ११ निघाले.

३. जे प्रोग्राम कोणीच वापरत नाही ते काढून टाकावेत. काकांच्या ऑफिसचे चार तसेच पडून होते.

४. डिस्क गच्च भरू देऊ नये. पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा. डिस्क क्लीनअपने कचरा निघतो. पण विंडोज नावाच्या फोल्डरला हात लावू नये.

५. "एका क्लिकवर संगणक जलद करा" अशा जाहिरातींना भुलू नये. त्यातून उलट व्हायरस येतो.

साफसफाई

आपल्याकडे समुद्राचा खारा वारा असतो. खिडकीचे गज गंजतात, सायकलची चेन गंजते, तसेच संगणकाच्या आतही होते. पंख्यावर धूळ बसली की गरम हवा बाहेर जात नाही. प्रोसेसर फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच हळू चालतो.

मामाने आधी वायर काढली आणि थोडा वेळ थांबला. मग लोखंडी पेटीला हात लावला, कारण अंगातल्या स्थिर विजेने आतले भाग बिघडू शकतात. नंतर रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडली. पंखा बोटाने धरून ठेवला. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ होता. तो माझ्या खोडरबरने हलकेच पुसला! माझे खोडरबर कामी आले याचा मला आनंद झाला.

थोडे पैसे लागणारे उपाय

रॅम वाढवावी. आमच्या संगणकात एक जागा रिकामी होती. तिथे ४ जीबीची वापरलेली पट्टी बसवली. २ + ४ = ६ जीबी झाली. मात्र डीडीआर २, डीडीआर ३ असे तिचे प्रकार असतात. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते. चुकीची पट्टी बसत नाही, जोर करू नये. जुनी पट्टी सोबत घेऊन दुकानात जावे.

दुसरा उपाय एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते. पुष्कळ डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. तरी माहिती शोधायला तिच्या सुईला इकडे तिकडे जावे लागते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. त्यामुळे माहिती लगेच सापडते. सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. जुनी डिस्क आम्ही फोटो ठेवायला तशीच ठेवली.

हलकी प्रणाली

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ठराविक नवे प्रोसेसर लागतात. आमचा त्या यादीत नव्हता. म्हणून मामाने लिनक्स टाकले. फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले. त्याचे बरेच प्रकार फुकट मिळतात आणि काही प्रकार जुन्या संगणकावरही चालतात. केरळातल्या सरकारी शाळांत लिनक्सच वापरतात. आपल्या सी-डॅक संस्थेनेही बॉस नावाचे लिनक्स बनवले आहे. त्यात मराठी आहे. पण विंडोजचे सगळे प्रोग्राम लिनक्सवर चालत नाहीत. म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघावे आणि पसंत पडले तर टाकावे.

फरक किती पडला?

मी भिंतीवरच्या घड्याळात वेळ मोजली.

सुरुवातीला : ७ मिनिटे
नको ते प्रोग्राम काढल्यावर : ५ मिनिटे
धूळ काढून रॅम वाढवल्यावर : ३ मिनिटे
एसएसडी व लिनक्स घातल्यावर : ४५ सेकंद

सगळा खर्च नवीन संगणकाच्या मानाने थोडा झाला. ताईने पुढचा अर्ज घरीच भरला आणि वेळेच्या आत गेला. आजी म्हणाली, "ह्यो तरणो झालो, आता माझे गुडघे पण त्या मामाक दाखवा!"

लक्षात ठेवा

संगणकाची पेटी मोठ्या माणसाशिवाय उघडू नये. वीज कडाडायला लागण्याआधीच वायर काढून ठेवावी. पावसाळ्यात संगणक आठवड्यातून एकदा तरी चालू करावा, म्हणजे आत ओल धरत नाही. चिखल्याच्या हाताने बटणे दाबू नयेत.

कोणाच्या घरी हळू चालणारा संगणक असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी वरील गोष्टी करून पाहाव्यात. मोजलेले आकडे माझ्या वहीत आहेत. पाहायचे असतील तर मधल्या सुट्टीत मला विचारावे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी