गिरण्या राहिल्या, भोंगे गेले

मँचेस्टर म्हणजे दोन फुटबॉल क्लब, एवढंच डोक्यात ठेवून गेलात तर स्टेडियमची टूर कराल, जर्सी घ्याल आणि परत याल. (जर्सी महाग असते, आधीच सांगून ठेवतो.) त्यापेक्षा पिकॅडिली स्टेशनातून बाहेर पडा आणि पायीच अँकोट्सकडे निघा. जेमतेम पंधरा मिनिटं लागतात.

लाल विटांच्या उंचच उंच इमारती, खिडक्यांच्या एकसारख्या रांगा, मधून वाहणारा कालवा. लालबाग-परळची सवय असलेला माणूस इथे थबकतोच. अरे, हे तर आपलं गिरणगाव! फक्त हे गिरणगाव थोरलं. इथल्या मरेज मिल्सचं बांधकाम १७९८ मध्ये सुरू झालं. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली गिरणी काढली ती १८५४ मध्ये, आणि तिची यंत्रंही याच लँकेशायरमधून आली होती. मरेज मिल्सच्या अंगणात कालव्याला जोडलेली खासगी गोदी होती. बोटी थेट गिरणीच्या आत यायच्या.

फ्रेडरिक एंगल्सच्या वडिलांची इथल्या एका गिरणीत भागीदारी होती. पोरगं धंदा शिकायला आलं आणि कामगारांच्या वस्त्या बघून त्यावर पुस्तक लिहून बसलं! १८४५ च्या उन्हाळ्यात तो आणि मार्क्स चेटम्स लायब्ररीत खिडकीशेजारी बसून वाचत असत. ते टेबल आजही दाखवतात.

आता त्याच अँकोट्समध्ये फ्लॅट्स आहेत, बेकऱ्या आहेत, कटिंग रूम स्क्वेअरवर कॉफी पीत बसलेली तरुण मंडळी आहेत. भिंती जपल्यात, लोखंडी खांब जपलेत, आणि ते छानच दिसतं. आपल्याकडे मॉलच्या कोपऱ्यात एखादी चिमणी तेवढी उरते, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण तिथल्या एखाद्या फ्लॅटचं भाडं ऑनलाइन बघा. मास्टर्सला जाणाऱ्यांनी तर बघाच! जिथे कामगार दाटीवाटीने राहायचे, तिथे आज साधा पगारदार माणूसही दहादा विचार करेल. हॅसिएंडा या गाजलेल्या क्लबचंही तेच झालं. इमारत पाडली, फ्लॅट्स बांधले आणि नाव तेवढं ठेवलं.

पुढे लिंकन स्क्वेअरला जा. अमेरिकेच्या अध्यक्षाचा पुतळा इथे कसा? १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. घरात चूल पेटत नव्हती, तरी १८६२ च्या शेवटच्या दिवशी कामगार फ्री ट्रेड हॉलमध्ये जमले आणि त्यांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने त्यांना उत्तर पाठवलं. त्यातले शब्द पुतळ्याखाली कोरलेत, नीट वाचा. फ्री ट्रेड हॉलचं आता हॉटेल झालंय.

आणि याच काळात इकडे काय चाललं होतं? कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. फोर्ट कॅम्पसमधला राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद त्यांच्यातलेच. तिथल्या उपासमारीचा धागा असा आपल्या विद्यापीठाच्या अंगणापर्यंत येतो.

शेवटी मेट्रोलिंकची ट्रॅम पकडून सॅलफर्ड क्वेजला जा. ही गोदी बंद झाली १९८२ मध्ये. मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेच वर्ष! आज तिथे बीबीसीचे स्टुडिओ आहेत, काचेच्या इमारती आहेत, संध्याकाळी पाण्यावर दिवे चमकतात. फोटो काढाच, पण आधी ‘द लाउरी’ची गॅलरी बघा. एल. एस. लाउरीने आयुष्यभर गिरण्या, धुराडी आणि कामावर निघालेली काडीसारखी माणसं रंगवली. त्याचं मॅचला निघालेल्या गर्दीचं एक चित्र २०२२ मध्ये या संस्थेने ७८ लाख पौंडांना विकत घेतलं.

लाउरी मात्र पोटापाण्यासाठी नोकरी करायचा. कसली? याच गल्ल्यांमधून घरोघर फिरून भाडं गोळा करायची.