पिल्लं देणारा प्रत्येक मासा गप्पी नव्हे

मासा अंडी न घालता पिल्लं देतो म्हटलं की आपल्याला गप्पीच आठवतो. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदात, विहिरीत, गटारात सोडलेला, आणि कुणी लक्ष न दिलं तरी वाढणारा. या एका ओळखीवरून आपण साऱ्यांचाच हिशेब मांडून टाकला आहे: पिल्लं देणारे मासे सगळे एका कुळातले, चिवट, कोमट पाण्यात खूश, आणि वीण इतकी की संपायचा प्रश्नच नाही. मेक्सिकोच्या मध्य पठारावर गुडीड कुळातल्या पिल्लं देणाऱ्या सुमारे 40 जाती आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की हा हिशेब कलमागून कलम चुकत जातो, कारण पिल्लं देणं ही विणीची एक रीत आहे, कुळाची खूण नव्हे.

ही रीत माशांच्या अनेक कुळांत वेगवेगळी, स्वतंत्रपणे उपजली. गुडीडांचे नेवाडातल्या झऱ्यांत राहणारे भाऊबंद आजही अंडीच घालतात. म्हणजे एकाच कुळात दोन्ही रीती नांदतात. ‘अंडी पोटातच फुटतात, एवढाच काय तो फरक’ हेही सरसकट खरं नाही. गप्पीच्या पिल्लाचं पोषण मुख्यतः अंड्यातल्या बलकावर होतं. गुडीडांच्या पिल्लांना मात्र गुदद्वारापाशी फितीसारखे धागे फुटतात आणि त्यांतून ती आईच्या शरीरातलं अन्न शोषून घेतात. सस्तन प्राण्यांच्या नाळेचं काम इथे पिल्लाच्याच आतड्याचा भाग करतो! म्हणून गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा, पिल्लं मोजकी, पण जन्मतःच चांगली मोठी. गप्पीची मादी नराचं बीज महिनोन् महिने साठवून ठेवते आणि एकटीही हौद भरून टाकू शकते. गुडीड मादी ते साठवत नाही. प्रत्येक विणीसाठी तिला नव्याने नर लागतो.

पाळताना हा फरक लगेच अंगावर येतो. ‘फिशटँक म्हणजे हीटर’ हे समीकरण इथे गैरलागू आहे. हे मासे उंचावरच्या पठारावरचे. अनेक जातींना 18 ते 24 अंश पाणी मानवतं आणि हिवाळ्यात ते आणखी थोडं उतरलं तर बरंच. कायम गरम ठेवलेल्या पाण्यात ते जगतात, पण झिजत जातात. काही जाती दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात, त्यामुळे रंगीबेरंगी मिश्र टँकमध्ये त्यांना घालू नये. एकेक जोडी ठेवण्यापेक्षा एकाच जातीचा घोळका चांगला.

वीण म्हणजे सुरक्षितता, हा समज सर्वांत महागात पडणारा. गुडीड कुळातलाच टकीला मासा 1998 साली शास्त्रात नोंदला गेला (नाव दारूवरून नव्हे, जवळच्या ज्वालामुखीवरून) आणि काही वर्षांतच हालिस्को राज्यातल्या तेउचित्लान नदीतून नाहीसा झाला. प्रदूषण, झऱ्यांचे बदललेले प्रवाह आणि बाहेरून आलेले मासे, ही कारणं. त्या उपऱ्यांत गप्पीच्याच कुळातला, पिल्लं देणारा एक मासाही होता! इंग्लंडमधल्या एका हौशी मत्स्यपालकाने पाच जोड्या दिल्या, त्या मेक्सिकोतल्या मोरेलियाच्या विद्यापीठात वाढल्या, आणि चेस्टर प्राणिसंग्रहालयाच्या मदतीने सुमारे 1500 मासे नदीत परत गेले. यावर रास्त आक्षेप असा की टँकमध्ये पिढ्यान् पिढ्या आयतं खाल्लेला मासा नदीत टिकेल कसा? उत्तर मधल्या टप्प्यात आहे. मासे टँकमधून थेट नदीत टाकले नाहीत. आधी ते उघड्या तळ्यांत काही वर्षं राहिले. तिथे अन्न कमी-जास्त होतं, शत्रू होते, परजीवी होते. आणि त्याच काळात नदीचाही अभ्यास झाला. म्हणजे पालकांनी मासे जपले म्हणून परत सोडणं शक्य झालं, पण फक्त मासे जपून ते घडलं नसतं. उरलेले मासे जवळच्या ओढ्यात ओतून देणं हे तर याच्या नेमकं उलट. तेउचित्लानला गाळात घालण्यात उपऱ्या माशांचाही हात होताच.

मग हौशी माणसाने करायचं काय? पाण्याइतकंच नावाला आणि गावाला जपायचं. ‘तेच ते, लाल शेपटीचे’ म्हणून ज्यांना सगळे एकच समजत होते ते गुडीडांतले झेनोटोका मासे 2016 साली अभ्यासानंतर तीन जातींत विभागले गेले: नायारितमधल्या तेपिकचे वेगळे, एत्सात्लानचे वेगळे, तामासुला नदीचे वेगळे. ज्यांनी टँकवर मूळ ठिकाणाची चिठ्ठी लावून प्रत्येक गट निराळा ठेवला होता, त्यांच्याकडे त्या दिवशी तीन जाती निघाल्या. ज्यांनी ते एकत्र वाढवले, त्यांच्या टँकमधला कोणता मासा कोणत्या जातीचा, हे आता सांगता येत नाही.