लंगोट विकणाऱ्याने धुलाईही सांगावी

साकीनाक्याला खैरानी रोडपासून जरीमरीपर्यंत शिवणकामाचे लहान कारखाने गल्लोगल्ली आहेत. मोठ्या मालाच्या जोडीला झबली, टोपडी, दुपटी आणि लंगोट शिवून देणारे कारीगरही त्यांत आहेत. तयार डायपर आले तेव्हा या मालाची मागणी बसली होती. आता कापडी लंगोटाला पुन्हा गिऱ्हाईक आहे. २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सुपरबॉटम्स या कंपनीने धुऊन पुन्हा वापरायचे डायपर देशभर विकून हे दाखवून दिले आहे.

मात्र या मालात एक गोष्ट वेगळी आहे. शर्टाची धुलाई बिघडली तर रंग जातो. लंगोटाची धुलाई बिघडली तर बाळाचे अंग सोलते आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘कपडाच खराब होता.’ म्हणून शिवणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एक नियम ध्यानात ठेवावा: लंगोटाच्या कपड्यात जे उरते ते बाळाच्या अंगाला लागते. मग ती कांजी असो, साबण असो, शाई असो की डांबर गोळीचा अंश असो.

कोरा कपडा पाणी का पीत नाही?

भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवरून येणाऱ्या कोऱ्या कपड्यात ताण्याच्या सुताला सायझिंगची कांजी असते. शिवाय कापसाच्या तंतूवर स्वतःचा मेणासारखा थर असतो. या दोन्हींमुळे कोरा सुती कपडा पाणी नीट शोषत नाही. गिऱ्हाईक नवा लंगोट तसाच वापरते, ओल बाहेर येते आणि तक्रार आपल्याकडे येते.

याची परीक्षा सोपी आहे. कपड्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो मण्यासारखा वर उभा राहिला तर कपडा तयार नाही, लगेच पसरून आत गेला तर तयार आहे. कोरा कपडा गरम पाण्यात साबण किंवा धुण्याचा सोडा घालून दोन-तीन वेळा धुतला की तो पाणी पिऊ लागतो. हे काम कापण्यापूर्वीच केलेले बरे. सुती कपडा पहिल्या धुलाईत आटतो आणि शिवल्यावर आटला की माप बिघडते. सोलापूरच्या टर्किश टॉवेलच्या कपड्याची आतली घडी घालणाऱ्यांनीही हेच करावे, कारण वरचा आणि आतला कपडा वेगवेगळा आटला तर लंगोट आखडतो.

रोजची धुलाई

शी लागलेला लंगोट आधी संडासात झटकावा आणि थंड पाण्याने धुवावा. सुरुवातीलाच गरम पाणी घातले तर डाग पक्का बसतो. आपल्या घरांत पाक-नापाकचा विचार असल्याने हे कपडे वेगळे धुण्याची सवय आहेच. ती आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे.

लघवीचे लंगोट दिवसभर बंद बादलीत साठवू नयेत. लघवीतील युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. मुंबईच्या उकाड्यात ही क्रिया लवकर होते. सकाळी बादली उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो याचाच. लगेच धुणे जमत नसेल तर लंगोट निदान साध्या पाण्यातून काढून पिळून ठेवावा.

साबण किंवा पावडर बेताने घालावी. खरे महत्त्व खळबळण्याला आहे. पिळल्यावर फेस निघत असेल तर साबण अजून आत आहे. येथे पाण्याचा प्रश्न येतो. महापालिकेच्या नळाला तलावांचे पाणी येते, ते मऊ असते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यांत बसतो. असा लंगोट काही दिवसांत कडक होतो, शोषत नाही आणि बाळाच्या मांड्या लाल करतो. नळाचे पाणी थोडाच वेळ येत असेल तर पहिले धुणे बोअरच्या पाण्यात करावे, पण शेवटचे खळबळणे नळाच्याच पाण्यात करावे.

साधा पांढरा सुती लंगोट अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढण्यास हरकत नाही. इलास्टिक किंवा आतून प्लास्टिकचा थर असलेला माल उकळू नये. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मुळीच वापरू नयेत, त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि शोषण कमी होते. ब्लीचने सूत आणि इलास्टिक दोन्ही कमजोर होतात. जंतुनाशक द्रव रोज घालण्याची गरज नाही, त्याचा अंश उरला तर नाजूक कातडीची आग होते.

पावसाळ्याचा हिशेब

नव्या बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात. उन्हाळ्यात सकाळचा लंगोट संध्याकाळी घडीत जातो, म्हणून दोन डझनांत घर चालते. जुलैमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत तोच कपडा सुकायला दोन दिवस घेतो. तेव्हा तीन डझनांच्या आत निभाव लागत नाही. हा हिशेब गिऱ्हाइकाला सांगावा. यात आपली विक्री आहे आणि त्याची सोयही आहे. पावसाळ्यासाठी जाड लंगोटापेक्षा उलगडून वाळत घालता येणारा पातळ मलमलचा चौकोनी लंगोट चांगला, तो लवकर सुकतो.

अर्धवट ओला लंगोट घडी करून ठेवला की बुरशी धरतो. उरलेली ओल गरम इस्त्रीने काढावी. पेटत्या गॅसवर दोरी बांधून कपडे सुकवू नयेत, दाट वस्तीत एका खोलीची आग दहा खोल्यांना लागते. ऊन पडले की सर्व लंगोट बाहेर काढावेत. उन्हाने जंतू मरतात आणि पिवळे डागही फिके होतात.

पेटीतली डांबर गोळी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मोठ्या मुलाचे लंगोट आणि दुपटी धुऊन पेटीत ठेवायची आणि पुढच्या बाळाला काढायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. काटकसर म्हणून ती उत्तमच. पण पेटीत डांबर गोळ्या टाकल्या जातात आणि तेथे धोका आहे.

डांबर गोळी म्हणजे नॅप्थलीन. तिची वाफ कपड्यात मुरते. काही मुलांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. आपल्या देशात अशी मुले आहेत आणि वरून पाहून ती ओळखता येत नाहीत. अशा बाळाला नॅप्थलीन भरलेले कपडे घातले तर रक्तपेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो. अशा घटनांच्या नोंदी वैद्यकशास्त्रात १९५० च्या दशकापासून आहेत. नॅप्थलीन तेलात विरघळते, त्यामुळे तेल चोळलेल्या अंगातून ते अधिक शिरते. आपल्याकडे तर रोज मालिश करून लगेच लंगोट बांधतात.

म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबर गोळी नको, कापूरही नको. पूर्ण सुकलेले कपडे स्वच्छ सुती पिशवीत बांधून ठेवावेत. हवा तर वाळलेला कडुलिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवावा. गोळ्यांत ठेवलेले जुने लंगोट नवजात बाळाला वापरूच नयेत. असे कपडे वापरल्यावर बाळ पिवळे दिसले तर तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी.

दुकानदारांनीही गोदामात बाळांचा माल ठेवलेल्या कपाटात या गोळ्या टाकू नयेत.

शिक्का, रंग आणि पावडर

१८८६ मध्ये इंग्लंडमध्ये काही नवजात बाळे निळी पडल्याची नोंद झाली. कारण होते लंगोटावर मारलेली ॲनिलिनची खुणेची शाई. अमेरिकेत सेंट लुईस येथे १९६७ मध्ये एका प्रसूतिगृहातील बाळे आजारी पडली आणि दोन दगावली. तेथे लंगोटांच्या धुलाईत वापरलेल्या जंतुनाशक पावडरीतील पेंटाक्लोरोफेनेट कपड्यात उरले होते. दोन्ही ठिकाणी कपडा दिसायला स्वच्छच होता.

आपल्या कारीगरांनी यावरून बोध घ्यावा. ताक्याच्या टोकाचा शिक्क्याचा तुकडा लंगोटात घेऊ नये. कापलेल्या मालावर शाईने नंबर टाकू नये, खडू वापरावा. काही अ‍ॅझो रंगांवर केंद्र सरकारने १९९० च्या दशकातच बंदी घातली आहे. कोठून रंगला ते ठाऊक नसलेला स्वस्त रंगीत कपडा अंगाला लागणाऱ्या बाजूस कधीही लावू नये. तेथे पांढराच बरा.

गिऱ्हाइकाला द्यायची चिठ्ठी

प्रत्येक डझनात मराठी, उर्दू आणि हिंदीत छापलेली छोटी चिठ्ठी घालावी. खर्च किरकोळ आहे. तीत एवढेच लिहावे:

१. वापरण्यापूर्वी तीन वेळा धुवा.
२. आधी थंड पाणी, मग साबण.
३. फेस जाईपर्यंत खळबळा, शेवटचे पाणी नळाचे.
४. सुगंधी द्रव आणि ब्लीच नको.
५. पूर्ण सुकवूनच घडी करा.
६. पेटीत डांबर गोळी टाकू नका.

बाळाची आई, दादी किंवा नानी यांपैकी कोणीतरी ही चिठ्ठी वाचेल किंवा वाचून घेईल. ज्या घरात लंगोट वर्षभर मऊ राहील आणि बाळाच्या अंगाला काही होणार नाही, त्या घरातले दुसऱ्या बाळाचे गिऱ्हाईक आपल्याच दुकानाची पायरी चढेल.