यकृतातल्या गाठी आणि पाच प्रश्न
मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा आधी यकृतात पसरतो. आतड्यातलं रक्त थेट तिथेच जातं ना! त्या गाठी काढल्यावर पुढे काय, याच्या अंदाजासाठी न्यूयॉर्कचे सर्जन युमान फाँग यांनी १९९९ मध्ये १००१ रुग्णांवरून पाच प्रश्न ठरवले. मूळ गाठीजवळच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर होता का? मूळ गाठीनंतर वर्षाच्या आत यकृतात दिसला का? गाठी एकाहून जास्त? सर्वांत मोठी पाच सेंटिमीटरच्या वर? रक्तातलं सीईए हे कॅन्सरदर्शक प्रथिन २००च्या वर? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. शून्य गुणवाल्यांपैकी सुमारे ६० टक्के पाच वर्षं जगले, पाच गुणवाल्यांपैकी १४ टक्के. आकडे जुने, आणि गटाचे. समोरच्या माणसाचे नव्हेत. गावाहून पुण्याला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाताना पहिल्या ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मात्र न्याच. लसिकाग्रंथींचं उत्तर त्यातच असतं.