सॉकेटवरील शिक्का

आमच्या म्हसवडांत १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तत्पूर्वीं रिझर्व्ह बँकेनें तिचा पहिला अर्ज नाकारला होता. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकीं अनेकींना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्या अक्षरें शिकल्या आणि पुन्हां गेल्या. सहीचें मोल त्यांना निराळें सांगावयास नको. परंतु आतां पैसा मोबाइलांतून जातो-येतो. तेथें दाराशीं ओळख कोण पटवितो?

संगणकांत एकाच वेळीं अनेक प्रोग्राम चालू असतात. एखाद्यास दुसऱ्या यंत्राशीं बोलावयाचें झालें, कीं तो ‘सॉकेट’ मागतो. सॉकेट म्हणजे संदेशांच्या ये-जा करण्याचें दार. तें उघडून देतो कर्नल. सैन्यांतल्या कर्नलाशीं याचा संबंध नाहीं. हा बियांतल्या गरासारखा सर्व कारभाराचा गाभा होय.

जुन्या व्यवस्थेंत कर्नल मुख्यतः एवढेंच पाही, कीं मागणारा प्रोग्राम कोणाच्या नांवानें चालला आहे. तो ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी असला, कीं बहुतेक दारें मोकळीं. मग चोरानें तो प्रोग्राम ताब्यांत घेतला, तर चोरहि सर्वाधिकारीच! यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनें २००० सालीं एसईलिनक्स प्रसिद्ध केलें. २००३ मध्यें तें लिनक्सच्या मुख्य कर्नलांत आलें. त्यांत प्रत्येक प्रोग्रामास एक लेबल असतें, आणि त्यानें उघडलेल्या सॉकेटास सामान्यतः तेंच लागतें. पोर्टांनाहि लेबलें असतात. वेबपानें पुरविणारा प्रोग्राम आपण होऊन बाहेर जोडणी करूं लागला, तर कर्नल नियम पाहतो. त्या लेबलास परवानगी लिहिलेली नसेल, तर चालविणारा रूट असला तरी नकार. मनाई नाहीं म्हणून मुभा, हा न्याय येथें लागूं नाहीं. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून हा पहारा फोनांत पूर्णपणें लागूं झाला. बाजारांत भाजी विकणाऱ्या बाईच्या फोनांतहि तो आहे.

मात्र हें लेबल स्वतःच्या यंत्रापुरतें. तारेवरून निघालेल्या साध्या संदेशावर तें नसतें. दोन्ही टोकांनी सिप्सोसारखी खास पद्धत ठरविली, तरच तें बरोबर जातें. २०१८ च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारें ९४ कोटी रुपये गेले, तेव्हां खऱ्या स्विचच्या जागीं नकली स्विच एटीएमच्या मागण्यांना होकार देत होता. होकार कोणाचा, हें पलीकडे उमगलें नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी एका संस्थेचे संगणक सांभाळतो. तेथील वेब-प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावरील माहितीकोशापर्यंत पोहोंचेना. घाईंत यानें एसईलिनक्सच बंद केलें. काम सुरू झालें, आणि पहारा वर्षभर बंदच राहिला. वस्तुतः माहितीकोशापुरती परवानगी देणारी एक स्वतंत्र कळ नियमांत आहे. पाहुण्यास आंत घ्यावयाचें म्हणून कोणी वाड्याचें दार उखडतो काय? नकाराची ओळ नोंदींत स्पष्ट होती. “वाचलीच नाहीं, गुरुजी,” तो म्हणाला. मी रागावलों, वर्गांतहि तो प्रश्न न वाचतांच उत्तर लिही. पुढें त्यानें प्रथम नुसती नोंद करणारा पहारा ठेविला, सगळ्या फाइलींना नव्यानें लेबलें लावून घेतलीं, ती एक कळ फिरविली, आणि मग पूर्ण पहारा चालू केला. फाइलींच्या लेबलांतच त्याची सारी रात्र गेली.