फडाचा खोळंबा

दसऱ्याला निघालेला तमाशाचा फड बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतो. जळगाव-अजिंठा मार्गावर पहूरजवळ मालमोटार नादुरुस्त झाली, की पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली जातात आणि ढोलकीवाल्याच्या थट्टेत रात्रीचे जागरण विसरले जाते. हा आनंद खराच. परंतु खेळ चुकला की सुपारी बुडते. फडमालक बहुधा सावकारी कर्ज काढूनच कलावंतांना हंगामाआधी ‘उचल’ देतो. त्याचे व्याज वाटेत थांबत नाही. मार्च २०२० मध्ये तर, ऐन चैत्री यात्रांच्या तोंडावर, टाळेबंदीने सारेच फड अडकले. शेतकऱ्याला हंगामी पीककर्ज मिळते (निदान कागदावर तरी !), मग तितक्याच हंगामी असलेल्या या धंद्याला बँकांनी दारात का उभे करू नये?